ढालकिड्याचे नामकरण

माघ महिन्यात रिसोडच्या शिवारात करडई फुलावर आली, की तिच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटतो. आणि माव्याचा सुगावा लागून ढालकिडाही तेथे येतो. तुरीच्या दाण्याएवढे अर्धगोल अंग, तांबूस-पिवळी गुळगुळीत पाठ आणि तीवर नागमोडी काळ्या रेघा, असे ह्याचे रूप. बोटावर घेतला तर नखाच्या टोकापर्यंत चढतो, क्षणभर थबकतो आणि पाठीची ढाल उघडून उडून जातो. ह्या टापूत ज्याचे बालपण गेले त्यास हा किडा अपरिचित नाही. तथापि त्याचे शास्त्रीय नाव कोणी ठेवले, केव्हा ठेवले आणि ते ठेवताना नामकर्त्याने काय पाहिले, असे कोणी विचारले तर आपणांपैकी बहुतेकांस निरुत्तर व्हावे लागेल.

प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक राहिला असता. परंतु लहानपणी आजोळी घडलेला एक प्रसंग मनातून गेला नाही. रिसोडास आमच्या मामांच्या परसात वांग्यांचा वाफा होता आणि त्याला लागूनच कुडावर वालाचा वेल चढविलेला होता. एका वर्षी वांग्यांची पाने जाळीदार होऊ लागली. पाहतात तो पानांवर ठिपक्याठिपक्यांचे किडे. वेलावरही तसलेच काही किडे दिसले. मामांनी दोहोंवर विषारी भुकटी उडविली. वांगी वाचली खरी; वालावर मात्र पंधरा दिवसांत मावा असा माजला, की त्या साली शेंगेचे दर्शन झाले नाही. वांग्यावरचा किडा पान खाणारा होता, वेलावरचा मावा खाणारा होता, आणि दोघेही एकाच कुळातले ढालकिडे होते. मामांचा दोष इतकाच, की त्यांनी ठिपके पाहून निवाडा केला. पुढे ह्या विषयावरील ग्रंथ चाळू लागलो तेव्हा असे दिसले, की हीच चूक मोठमोठ्या पंडितांनीही केली होती, आणि ती सुधारण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा शक १७५८ सालापासून मोजतात. त्या वर्षी स्वीडनमधील लिनिअस ह्याच्या 'सिस्टिमा नॅच्युरी' ह्या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली व तीत प्रत्येक प्राण्यास दोन शब्दांचे नाव मिळाले. ढालकिड्यांच्या गणास त्याने 'कॉक्सिनेला' म्हटले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ किरमिजी. पुढचे नाव मात्र त्याने बहुधा ठिपके मोजून दिले. दोन ठिपक्यांचा, पाचांचा, सातांचा, दहांचा, अकरांचा, चौदांचा, बाविसांचा, चोविसांचा, अशी ती यादी एखाद्या शाळेतील पाढ्यांसारखी वाटते. काळ्या पाठीवर सहा तांबडे ठिपके असलेल्या एका किड्यास त्याने असेच स्वतंत्र नाव दिले. पुढे कळले, की तो तांबड्या पाठीवर दोन काळे ठिपके असलेल्या जातीचाच सख्खा भाऊ होय. एकाच आईच्या पोटी दोन्ही रंगांची संतती निपजते.

लिनिअसचा शिष्य फाब्रिसिअस हा डेन्मार्कचा. गुरूने पंख पाहून कीटकांचे वर्ग पाडले होते. शिष्याने मुखावयव पाहून पाडावे असा आग्रह धरला व हयातभरात सुमारे दहा हजार कीटकांस नावे दिली. आपल्याशी त्याचा संबंध असा, की तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी ही त्या काळी डेन्मार्ककरांची वखार होती. लिनिअसचाच दुसरा शिष्य क्योनिग १७६८ साली तेथे वैद्य म्हणून आला व किडे जमवून युरोपात धाडू लागला. अशा वाटांनी आपल्याकडील किडे फाब्रिसिअसच्या मेजावर पोहोचले. वांग्याचे पान खाणाऱ्या अठ्ठावीस ठिपक्यांच्या किड्याचे नाव त्याने १७७५ साली ठेवले. करडईवरच्या नागमोडी रेघांच्या किड्याचे बारसे १७८१ सालचे. त्याचे नाव 'सेक्समॅक्युलाटा', म्हणजे सहा डागांचा. कपाशीवर पाठीच्या मध्यावर काळी रेघ असलेला जो लहान किडा दिसतो, त्याचे १७९८ सालचे. वऱ्हाडातील कोणत्याही शेतकऱ्याने ओळखावे अशा ह्या तिघांची नावे ज्याने ठेवली, त्याने हिंदुस्थानची भूमी कधी पाहिली नव्हती. ह्यात आकस धरण्याजोगे मला काही वाटत नाही. परंतु टाचणीला टोचलेला, रंग उडालेला किडा पाहणे वेगळे आणि तो कोणत्या पानावर बसून काय खातो हे पाहणे वेगळे, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

ह्यानंतर ढालकिड्यांचा खरा अभ्यासक लाभला तो फ्रान्समधील लियाँ शहरी. एत्येन म्यूल्सां हा तेथील ग्रंथपाल व अध्यापक. १८५० साली त्याने जगातील ढालकिड्यांवर हजारांहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ काढला. ग्रंथाच्या शीर्षकातच एक गमतीची चूक आहे. ढालकिड्याच्या पावलास तीनच पेरे असतात, अशा समजुतीने त्याने ह्या कुळास 'तीन पेऱ्यांचे' म्हटले. वस्तुतः पेरे चार असतात. तिसरे इतके बारीक, की दुसऱ्याच्या खाचेत लपून राहते. शीर्षकात चूक असलेला ग्रंथ पुढच्या पिढ्यांनी आधारभूत मानला, ह्यावरून त्या मनुष्याच्या परिश्रमाची कल्पना यावी.

म्यूल्सांने नाव दिलेल्या किड्यांत ऑस्ट्रेलियातील एक तांबडा-काळा किडा होता. १८८० नंतर कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागांवर कापसासारखे पांढरे आवरण असलेल्या खवले किडीने हल्ला केला व बागा उपटण्याची पाळी आली. ती कीड ऑस्ट्रेलियाची आहे हे ओळखून अमेरिकन सरकारने आल्बर्ट कोबेले ह्यास तेथे धाडले. त्याने म्यूल्सांच्या ह्याच किड्याचे नमुने पाठविले. १८८८ च्या अखेरीपासून १८८९ च्या जानेवारीपर्यंत पोहोचलेल्या पहिल्या किड्यांची संख्या अवघी १२९. त्यांच्या संततीने दोनएक वर्षांत बागा वाचविल्या. किड्यांस नावे देणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय असे समजणाऱ्यांस ह्या १२९ किड्यांनी उत्तर दिले आहे. आपल्याकडेही १८९८ साली दक्षिणेतील कॉफीच्या मळ्यांसाठी ऑस्ट्रेलियाहून एक ढालकिडा आणला गेला. त्याचेही नाव म्यूल्सांनेच, मोंत्रूझिए नामक धर्मोपदेशकाच्या सन्मानार्थ, ठेवलेले होते. आज नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांतून पिठ्या ढेकणावर सोडतात तो हाच.

ठिपक्यांचे राज्य मात्र अद्याप चालूच होते. ते उलथविण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्यांत पुढे अनुवंशशास्त्रात जगद्विख्यात झालेला डोब्झान्स्की हा होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अठराव्या वर्षी, १९१८ साली, त्याने प्रसिद्ध केलेला पहिला निबंध कीव्ह शहराजवळ सापडलेल्या एका नव्या ढालकिड्याविषयीचा होता. १९२४ साली त्याने मादीच्या जननेंद्रियांवरून जाती ओळखण्याविषयी लिहिले. पाठीचा रंग हवामानाने व आनुवंशाने पालटतो. आतील अवयवांची घडण मात्र एका जातीत सहसा स्थिर राहते, आणि दिसण्यात जुळे वाटणाऱ्या दोन जातींत ती स्पष्ट वेगळी असते.

म्हणून हल्ली नवी जात मांडणारा अभ्यासक पाठीवर थांबत नाही. तो प्रथम किड्याची लांबी-रुंदी मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजतो. डोके, मान, पंखांची ढाल, तीवरील बारीक खाचा, लव, पायांची नखे आणि पोटाच्या पहिल्या वलयावरील वक्र रेषा ह्यांचे वर्णन लिहितो. मग पोटाचा शेवट अलगद सोडवून दाहक अल्कलीच्या द्रावणात ऊन करतो. मांस विरते, कठीण भाग शिल्लक राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची आकृती काढावयाची. जवळच्या सर्व जातींची वर्णने, मग ती जर्मनमध्ये असोत की फ्रेंचमध्ये, वाचून काढावयाची, व शक्य तर त्यांचे मूळ नमुने परदेशी संग्रहालयांतून पाहावयाचे. शेवटी ज्या एका किड्यावरून वर्णन केले, तो नाव, स्थळ व तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह संग्रहालयात ठेवावयाचा. पुढे शंभर वर्षांनी वाद उपस्थित झाला तर साक्ष त्या किड्याची. दीड मिलिमीटरच्या किड्यासाठी हे सारे करावयाचे म्हणजे केवढी चिकाटी! आता ह्या साधनांत आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीची भर पडली आहे. पण आकृती काढणाऱ्या हाताची गरज सरलेली नाही.

पान खाणाऱ्या ढालकिड्यांची गुंतागुंत सोडविण्याचे श्रेय मात्र ज्यास आहे, तो कीटकशास्त्रज्ञ नव्हताच. गेऱ्हार्ड डीके हा जर्मनीत जन्मलेला, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. दुर्मिळ मृद्धातूंच्या प्रकाशपटांवरील त्याचे काम आजही अभ्यासिले जाते. विरंगुळा म्हणून त्याने ढालकिडे धरले आणि १९४७ साली आशिया, युरोप व ऑस्ट्रेलियातील पान खाणाऱ्या जातींवर एक मोठा निबंध स्मिथसोनियन संस्थेमार्फत प्रसिद्ध केला. आपल्याकडे कारल्याच्या वेलाची पाने चाळणीसारखी करून टाकणारी एक जात आहे. 'सेप्टिमा' हे तिचे नाव ह्याच निबंधातले. प्रकाशाच्या रेषा मोजणाऱ्याने किड्याच्या अंतर्भागातील रेषाही त्याच सूक्ष्मतेने मोजाव्या, ह्यात नवल नाही. नवल इतकेच, की कारली खुडणाऱ्या माणसांच्या हाती पिढ्यानुपिढ्या सापडत आलेल्या किड्यास नाव मिळण्यासाठी बाल्टिमोरच्या एका प्राध्यापकाचा रिकामा वेळ लागावा.

पुढे हे काम आपल्या देशातही रुजले. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील कपूर ह्यांनी ढालकिड्यांच्या अनेक गणांवर लिहिले. कोळी किडीवर जगणाऱ्या इवल्याशा काळ्या ढालकिड्यांवरील त्यांचा निबंध १९४८ सालचा. अलीकडच्या काळात डॉ. पूराणी ह्यांनी २००२ साली भारतीय उपखंडातील, पान खाणाऱ्या जाती वगळून, सर्व ढालकिड्यांची सटीप सूची सिद्ध केली. तीत जाती चारशेच्या घरात आहेत, आणि त्यानंतरही ह्या विदुषीच्या हातून नव्या जातींची भर पडतच आहे.

नावे बदलतात, ही सामान्य वाचकाची तक्रार रास्त आहे. करडईवरच्या किड्यास जुन्या पुस्तकांत 'काइलोमेनीज', टिंबरलेक ह्याने १९४३ साली नवा गण स्थापिल्यानंतर 'मेनोकाइलस', व पुन्हा कोठे जुनेच नाव, असे आढळते. कॅलिफोर्निया वाचविणारा किडा 'व्हेडालिया' होता, मग 'रोडोलिया' झाला, आणि २०२० साली 'नोव्हिअस' ठरला. कपाशीवर पिठ्या ढेकूण माजला तेव्हा त्यावर जगणाऱ्या एका सूक्ष्म परजीवी माशीचे वर्णन अलीगढच्या हयात ह्यांनी २००९ साली केले व डॉ. बंबावाले ह्यांच्या नावावरून तिचे नाव ठेवले. मराठी आडनाव लॅटिनमध्ये गेले म्हणून आम्हांस कौतुक. पण पुढे असे ठरले, की हीच जात अमेरिकेत पूर्वीच वर्णिली गेली आहे, आणि अग्रहक्काच्या नियमाने जुने नाव कायम झाले. हळहळ वाटली तरी नियम योग्यच आहे.

मामांच्या वाफ्यातला निवाडा करावयास आज सूक्ष्मदर्शकही नको. पान खाणाऱ्याच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून ती मंद दिसते. मावा खाणाऱ्या मोठ्या जातींची पाठ लखलखीत असते. पान खाणाऱ्याची अळी पिवळी व फाटे फुटलेल्या काट्यांची. दुसऱ्याची काळसर, लांबट, चपळ, आणि तीच आजही शेतोशेती कीड समजून चिरडली जाते, कारण तिचे रूप आईबापांसारखे मुळीच नसते. अगदी बारीक जातींची गोष्ट वेगळी. त्यांची पाठही लवदार असते, आणि त्यांची ओळख पटविण्यास पुन्हा प्रयोगशाळाच गाठावी लागते.

मामा आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात रिसोडास गेलो असता त्यांच्या नातवाने परसात पुन्हा वांगी लाविलेली दिसली. जाळी पडलेल्या एका पानावरून दोन किडे काचेच्या बाटलीत घेऊन आम्ही दोघे ओट्यावर ठिपके मोजीत बसलो. एकाचे नीट अठ्ठावीस भरले. दुसऱ्याचे तीनदा मोजले, तिन्ही वेळा सव्वीसच आले, आणि "मग ह्याचे नाव काय?" असे त्या मुलाने विचारले.