महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ : कृष्णा खोऱ्यातील महाराष्ट्राच्या वाट्याचे पाणी अडवणे, ते शेती, गावे व उद्योगांना पुरवणे आणि त्यावर वीज निर्माण करणे यांसाठी १९९६च्या राज्य अधिनियमाने स्थापन झालेले महामंडळ. मुख्यालय पुण्यात, सिंचन भवनात. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर हे जिल्हे आणि अहिल्यानगर, धाराशिव व बीड यांचा काही भाग त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. भीमा ही कृष्णेची उपनदी असल्याने मावळ आणि खेड तालुक्यांतल्या पवना, इंद्रायणी, आंद्रा, भामा या नद्याही याच कार्यक्षेत्रातल्या. प्रस्तुत नोंद मुख्यतः पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याला पाणी देणाऱ्या पवना, आंद्रा आणि भामा आसखेड या तीन धरणांपुरती आहे.

महामंडळाच्या जन्मामागे एक मुदत होती. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत लवाद) महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले आणि या वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर करता येईल असे ठेवले. तोवर धरणे बांधून पाणी अडवले नाही तर पुढच्या वाटपात हक्क कमकुवत होईल, ही भीती नव्वदच्या दशकात राज्याला घेरून होती. अर्थसंकल्पातला पैसा अपुरा होता. म्हणून शासनहमीचे कर्जरोखे विकून पैसा उभारू शकेल अशी स्वतंत्र संस्था काढली गेली. पुढे विदर्भ, तापी, कोकण व गोदावरी खोऱ्यांची महामंडळे याच नमुन्यावर निघाली. २०००पर्यंत सगळी कामे पुरी झाली नाहीत. कर्जाचा बोजा मात्र राहिला. डोळ्यांसमोर होता तो दुष्काळी तालुक्यांतला शेतकरी. पिंपरी-चिंचवडच्या अंगाला ही संस्था आली ती वेगळ्याच रूपात : कालव्याने पाणी देणारी नव्हे, शहरांना आणि कारखान्यांना ठोक पाणी विकणारी.

पवना धरण महामंडळापेक्षा जुने. मावळातल्या पवनानगरजवळचे हे मातीचे धरण १९७२मध्ये पुरे झाले. उपयुक्त साठा ८.५१ टीएमसी. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका तेव्हा नुकतीच, १९७०मध्ये झाली होती. महानगरपालिका झाली १९८२मध्ये आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने १९५४मध्ये पिंपरीत जो कारखाना उभा केला, त्यामागोमाग आलेल्या उद्योगांसाठी आणि कामगार वस्तीसाठी पाणी हवे होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडची एमआयडीसी, पवनेवरच अवलंबून राहिली.

पवनेची वाटपव्यवस्था समजून घेतल्याशिवाय पुढचा संघर्ष कळत नाही. धरणातून सोडलेले पाणी तीस किलोमीटरहून अधिक अंतर नदीपात्रातून वाहत रावेत बंधाऱ्यावर येते. तिथून महापालिका ते उचलून निगडीच्या सेक्टर २३मधील जलशुद्धीकरण केंद्रात नेते. एमआयडीसीचा उपसाही याच पात्रातून. वाटेत दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांचे पंप, गावांच्या नळयोजना, तळेगाव दाभाड्यासारखी गावे. म्हणजे इथे नदी हाच कालवा आहे. रोज ५०० दशलक्ष लिटर उपसले तर वर्षाला जवळपास साडेसहा टीएमसी होतात. साडेआठ टीएमसीच्या धरणातून एवढे एका शहराला गेल्यावर शेती, बाष्पीभवन आणि पात्रातली गळती यांना काय उरते, हे साधे गणित आहे. २५ नोव्हेंबर २०१९पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झाले. त्याचे कारण मात्र वेगळे होते : त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता आणि धरण भरलेले होते. टंचाई होती ती उपसा, शुद्धीकरण आणि वितरण यांच्या क्षमतेची.

महापालिकेने नदीऐवजी थेट धरणातून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकण्याचे ठरवले. केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून पैसा मिळाला आणि काम सुरू झाले. गळती थांबेल, पाणी स्वच्छ मिळेल, ही महापालिकेची बाजू खरी होती. मावळातल्या शेतकऱ्यांचे म्हणणेही तितकेच खरे होते : पाणी नळात गेले की पात्र कोरडे पडेल आणि काठचे पंप बंद होतील. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. काम थांबले आणि बारा वर्षे थांबून राहिले. २०२३मध्ये राज्य शासनाने स्थगिती उठवली. हा विरोध आडमुठेपणाचा होता असे शहरात अजून सहज बोलले जाते. ते अन्यायाचे आहे. पाण्याची वाट बदलली की पाण्याचा धनी बदलतो, हे मावळातल्या माणसाला कोणत्याही प्रकल्प अहवालाआधी कळले होते.

त्यात जुनी जखमही होती. पवनेसाठी जमिनी गेल्या तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. पहिला कायदा १९७६चा. १,२०३ बाधित खातेदारांपैकी ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली, ८६३ जण वंचित राहिले. ज्यांनी बुडीत क्षेत्रात शेत सोडले त्यांची नातवंडे आज हाच प्रश्न घेऊन सरकारी कार्यालयांत जातात. अर्ध्या शतकात शहराला एक महानगरपालिका मिळाली, या कुटुंबांना जमीन मिळाली नाही.

चाकणच्या बाजूला भामा नदीवर खेड तालुक्यात करंजविहिरेजवळ भामा आसखेड धरण आहे. उपयुक्त साठा ७.६७ टीएमसी. मूळ उद्देश सिंचनाचा. दोन्ही तीरांवर कालवे काढायचे होते. कालव्यांचे जाळे ठरल्याप्रमाणे झालेच नाही आणि पाण्याला मागणी आली ती शहरांकडून. पुण्याच्या पूर्व भागासाठीची जलवाहिनी धरणग्रस्तांच्या आंदोलनांमुळे वारंवार अडली आणि अखेर १ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. याच वाहिनीतून आळंदीलाही पाणी मिळते. पिंपरी-चिंचवडला भामा आसखेडमधून रोज १६७ आणि आंद्रा धरणातून १०० दशलक्ष लिटर मंजूर आहे. आंद्राचे पाणी इंद्रायणीच्या पात्रातून निघोजे बंधाऱ्यावर येते आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध होते. भामेचे पाणी धरणाजवळूनच जलवाहिनीने आणायचे. दरम्यान चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आले आणि भामा खोऱ्यातल्या पाण्यावर उद्योगांचा हिस्सा कायमचा पडला.

ठोक पाण्याचे दर २००५च्या कायद्याने झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. शेतीपेक्षा उद्योगाचा दर कितीतरी चढा, आणि पाणी हाच ज्यांचा कच्चा माल आहे अशा शीतपेय कारखान्यांचा त्याहून चढा. त्यामुळे महामंडळाच्या वसुलीत शहरे व कारखाने यांचे वजन त्यांच्या पाण्याच्या वाट्याहून मोठे ठरते. २००३च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा आणि मग शेतीचा क्रम होता. २०११मध्ये तो बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आणली. मावळ-खेडमध्ये मात्र कागदावरच्या क्रमापेक्षा आधी मंजूर झालेला कोटा आणि आधी पडलेला पाइप यांचा अंमल जास्त चालतो. धरणातील साठ्याचा हिशेब १५ ऑक्टोबरला मांडला जातो, पिण्याचे पाणी राखून ठेवले जाते आणि उरलेल्यातून शेतीसाठी पाणी सोडण्याच्या पाळ्या, म्हणजे आवर्तने, ठरतात.

विजेचा भाग इथे लहान आहे. पवना धरणाच्या पायथ्याशी १० मेगावॅटचे केंद्र असून ते राज्य शासनाने बांधले, चालवते राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती. खाली सोडायचेच असलेले पाणी आधी टर्बाइनमधून जाते, म्हणून या विजेसाठी वेगळे पाणी खर्च होत नाही. याच मावळच्या माथ्यावर टाटांच्या धरणांचे मात्र उलट आहे. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) या केंद्रांसाठी वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी येथे अडवलेले भीमा खोऱ्याचे पाणी घाट उतरून कोकणात जाते. लवादाच्या निवाड्याने त्याची वार्षिक मर्यादा चाळीस टीएमसीहून अधिक ठेवली. पवना, आंद्रा आणि भामा आसखेड या तिन्ही धरणांचा एकत्र उपयुक्त साठा त्याच्या निम्माही भरत नाही. आंद्रा धरण ठोकरवाडीच्याच खाली, त्याच नदीवर आहे.

पट्ट्यातून वापरून बाहेर पडणारे पाणी पवनेतून मुळेत, इंद्रायणीतून भीमेत आणि अखेर उजनीत पोचते. उजनी हे महामंडळाच्याच ताब्यातले, एकूण सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचे जलाशय. सांडपाणी शुद्ध करण्याची जबाबदारी महापालिकांची, एमआयडीसीची आणि कारखान्यांची. देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. धरणातून पाणी सोडणाऱ्या अभियंत्याला ते परत कसे येते यावर अधिकार नाही. इंद्रायणीवर आळंदीत कार्तिकी आणि आषाढीच्या तोंडाशी रसायनांचा पांढरा फेस दिसतो, तेव्हा वारकऱ्यांच्या स्नानासाठी वरच्या धरणांतून जादा पाणी सोडण्याची मागणी होते, आणि ते पाणी पुन्हा त्याच मोजक्या साठ्यातून जाते.