चंदेरी लेपातला कापूस

१/ रेडिओ-नियंत्रित जुन्या धाटणीच्या विमान-प्रतिकृतीचे चंदेरी पंख पाहिले की ते पत्र्याचे वाटतात. प्रत्यक्षात आत हलके बाल्सा लाकूड, त्यावर रेशीम किंवा पातळ कागद. आणि वरच्या चकाकत्या लेपाचे मूळ असते कापसात. वऱ्हाडच्या वाचकाला हे ठाऊक असावे, म्हणून हा धागा.

२/ १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला-बडनेरा करीत नागपूरला पोचला. अमरावतीच्या नावावरून वऱ्हाडी कापसाला परदेशी बाजारात ‘ऊमरा’ म्हणू लागले. नाव मिळाले, मान मात्र बेताचाच. धागा आखूड म्हणून भाव अमेरिकन कापसाहून उणा.

३/ मात्र धाग्याची लांबी विचारते ती सूतगिरणी. रसायनशास्त्राला तिच्याशी देणेघेणे नाही. १८४६ मध्ये श्योनबाइन या शास्त्रज्ञाने नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणातून कापूस काढला. दिसायला तो तसाच राहिला, पण ठिणगी लागताच भपकन पेटला. हाच नायट्रोसेल्युलोज! त्याचा सौम्य प्रकार द्रावकात विरघळवला की ‘डोप’ तयार होतो. विमानाच्या कापडावर तो वाळताना आकसतो आणि कापड ढोलकीच्या चामड्यासारखे ताणून धरतो. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारी आखूड लव सुताच्या उपयोगाची नसते. सेल्युलोजच्या कारखान्याला मात्र तीच हवी असते.

४/ या कापडाचा वैरी होता ऊन. पारदर्शक डोपमधून अतिनील किरण आत जात आणि कापड कुजे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यावर ‘पी.सी. १०’ हा काजळी व लोहयुक्त माती घातलेला मळकट लेप काढला. पुढे ॲल्युमिनियमचे चूर्ण आले. त्याचे चपटे कण माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक पसरतात आणि ऊन परतवतात. म्हणजे आपल्याला शोभा वाटणारी ती चंदेरी झळाळी मुळात छत्री होती. १९३७ मध्ये जळालेल्या ‘हिंडेनबर्ग’ या जर्मन हवाई जहाजाचे बाह्य आवरणही सुतीच होते, आणि त्याच्या लेपातही ॲल्युमिनियम होते.

५/ त्याच सुमारास अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी ‘गफ’ हे रेडिओ-नियंत्रित विमान उडवले. मोठ्या विमानांचा डोप अशा प्रतिकृतींवर आला, सोबत एक नवी अडचणही. ग्लो इंजिनाच्या मिथेनॉलयुक्त इंधनाने नायट्रेट डोप विरघळे. तोड निघाली ती अशी: खाली नायट्रेट, वर इंधनाला दाद न देणारा ब्युटिरेट. क्रम उलटला तर थर नीट धरत नाही.

६/ धातूच्या लेपाने रेडिओलहरी अडत नाहीत का? अखंड पत्र्याने अडतात. लेपातला प्रत्येक कण मात्र सेल्युलोजच्या वेष्टनात सुटा असतो, त्यामुळे सहसा अडथळा येत नाही. तरीही जुने छांदिष्ट ॲन्टेनाची तार विमानाबाहेर, शेपटीपर्यंत ओढून ठेवीत.

७/ आता बहुतेक प्रतिकृतींवर इस्त्रीने चिकटणारी प्लॅस्टिकची फिल्म असते. डोपचा उग्र दर्प उरला आहे तो जुन्या विमानांच्या हुबेहूब प्रतिकृती घडवणाऱ्यांच्या खोल्यांत.