विंडसर खुर्चीची बैठक

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात रूढ झालेल्या विंडसर खुर्चीत पाय आणि पाठ यांचा थेट संबंध नसतो. नेहमीच्या लाकडी खुर्चीत मागचे पाय वर जाऊन पाठीचे खांब होतात. विंडसर खुर्चीत मात्र पाय खालून आणि पाठीच्या काड्या वरून एकाच जाड फळीत रोवलेल्या असतात. ही फळी म्हणजेच बैठक. ती चिरली, की खुर्ची निकामी झाली.

म्हणून बैठकीसाठी परंपरेने एल्मचे लाकूड निवडले जाई. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने कडेला भोके पाडली तरी ते सहसा फाटत नाही. वाकसाने कोरून फळी खोलगट केली, की गादीची गरज उरत नाही. पाय बीचचे असतात. पाठीची कमान अॅश किंवा यू या लाकडाची असून ती वाफेवर मऊ करून साच्यावर वाकवतात.

खरे कसब सांध्यांत आहे. लाकूड सुकताना आडवे आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पायाचे टोक, म्हणजे कुसू, पूर्ण सुकवून घ्यावे लागते. ज्यात ते बसवायचे त्या लाकडात किंचित ओल असलेली चालते. पुढे कोरडे कुसू हवेतील दमट शोषून फुगते, भोक आकसते आणि सांधा आवळला जातो. याउलट ओले कुसू कोरड्या भोकात ठोकले, तर पहिल्याच कोरड्या ऋतूत खुर्ची डुगडुगू लागते. सरस कितीही लावला तरी! कुसू आरपार असल्यास त्याच्या माथ्यावर पाचर मारतात. ती बैठकीच्या रेषांना आडवी हवी. रेषांच्या दिशेने मारली, तर तीच बैठक फोडते.

या धंद्याचे केंद्र बकिंगहॅमशायरमधील हाय विकम हे गाव. तेथील फुटबॉल संघाला आजही ‘चेअरबॉइज’ म्हणतात. जवळच्या चिल्टर्न टेकड्यांतील बीचच्या रानात ‘बॉजर’ नावाचे कातारी ओले ओंडके फोडून, पायाने चालवायच्या लेथवर खुर्चीचे पाय कातत आणि गावातील कारखान्यांना विकत. करवतीने कापण्यापेक्षा फोडलेल्या लाकडाचे तंतू टोकापर्यंत अखंड राहतात. त्यामुळे बारीक पायही भार सोसतो. विसाव्या शतकाच्या मध्यास हा व्यवसाय जवळपास लोपला.

1970च्या दशकात बुरशीजन्य रोगाने ब्रिटनमधील लक्षावधी एल्म वृक्ष मेले. आता हाताने विंडसर खुर्ची घडवणाऱ्या अनेकांना बैठकीसाठी अॅशसारखे दुसरे लाकूड वापरावे लागते. ते एल्मपेक्षा सरळ फाटते, त्यामुळे भोके कडेपासून किती आत घ्यायची, याचा विचार अधिक काटेकोरपणे करावा लागतो.