चोळमंडळांतील पर्जन्यकाळ व पत्रांचा कालनिर्णय

मिती नसलेलें पत्र हातीं आलें म्हणजे त्यांतील ऋतुसूचक शब्दांवरून काळ ठरविण्याची आपली रीत आहे, व ती योग्यच आहे. सुहूर सन सूर्य मृगनक्षत्रीं येतांच पालटे, म्हणून त्यास मृगसाल म्हणत. पावसाळ्यांत छावणी व दसऱ्यास सीमोल्लंघन हा क्रमहि देशावरच्या आकाशानेंच घालून दिलेला. परंतु हाच क्रम चोळमंडळांतून आलेल्या पत्रांस लावल्यास चार महिन्यांची चूक सहज होते.

आषाढ-श्रावणांतील नैर्ऋत्य वारा आपलें पाणी सह्याद्रीवर टाकून पूर्वेकडे बराचसा कोरडा उतरतो. चेन्नईस वर्षाकाठीं सुमारें ५५ इंच पाऊस पडतो. पैकीं निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या काळांत, ईशान्य वाऱ्यांबरोबर. आपल्या वाटा सुकतात तेव्हां तिकडील चिखलानें बंद होतात. दर्याहि त्याच वेळीं खवळतो. फ्रेंच सरदार ला बुर्दोने याच्या आरमाराची चेन्नपट्टणापुढें वादळानें धूळधाण केली ती ऑक्टोबर १७४६ मध्यें. कालिदासाचा रघु शरदांत दिग्विजयास निघून पूर्वेकडून कावेरीस येतो; तेथें त्यास नेमका पाऊस गांठील, हें कवीनें मनावर घेतलेलें नाहीं!

आतां शिवछत्रपतींची कर्नाटक-स्वारी पाहावी. १६७७ च्या जूनअखेर तिरुवाडीजवळ शेरखान लोदीचा मोड झाला, आणि जुलैंत महाराज कोल्लिडमच्या उत्तरेस तिरुमलवाडीस होते. तेथेंच व्यंकोजीराजांची भेट झाली व पुढें ते रात्रीं नदी उतरून निघून गेले. या तारखांवरून ‘भर पावसाळ्यांतील मोहीम’ असें लिहिण्याचा मोह होतो. कोंकणांतील मोहिमेस तें शोभेल, येथें नाहीं.

मात्र दुसरा एक चकवा आहे. कावेरी कोडगूंत उगम पावते. तिकडील आषाढी पावसानें ती फुगते, आणि डोक्यावर ऊन असतां तंजावरच्या प्रवाशाची वाट पुरानें अडते. मेट्टूरचें धरण १९३४ सालीं पुरें झाल्यापासून हें पाणी अडविलें जातें. पण तमिळ लोक आडि महिन्याच्या १८ व्या दिवशीं, हल्लींच्या ऑगस्टच्या आरंभीं, नदीच्या या वाढीचा उत्सव अद्याप करतात. सबब ‘नदीस उतार नाहीं’ एवढ्यावरून तंजावरीं पाऊस होता असें ठरत नाहीं. ती खूण कोडगूच्या पावसाची. पूर आणि स्थानिक झड दोन्ही एकाच पत्रांत असतील, तर आधीं आश्विन-कार्तिकाकडे पाहावें.

इंग्रज वखारवाल्यांच्या सतराव्या शतकांतील तारखा जुन्या पद्धतीच्या असल्यामुळें ऋतूशीं मेळ घालतांना त्यांत १० दिवस मिळवावे. फ्रेंचांच्या तारखांस ही भर नको.