जेक अरिएटा अदलाबदल (२०१३)

२ जुलै २०१३ रोजी मेजर लीग बेसबॉलमधील बॉल्टिमोर ओरिओल्स संघाने जेक अरिएटा व पेड्रो स्ट्रॉप हे पिचर शिकागो कब्जला देऊन पिचर स्कॉट फेल्डमन व कॅचर स्टीव्ह क्लेव्हेंजर यांना घेतले. बाद फेरीच्या शर्यतीतील ओरिओल्सला भरवशाचा पिचर तातडीने हवा होता. बाद फेरी मात्र हुकली आणि हंगामानंतर फेल्डमन ह्यूस्टन ॲस्ट्रोजकडे गेला.

बॉल्टिमोरमध्ये अरिएटाने दर ९ डावांमागे सरासरी ५.४६ अर्जित धावा दिल्या होत्या. शिकागोत त्याच वर्षी ९ सामन्यांत ही सरासरी ३.६६ झाली, पण ही सुधारणा फसवी होती. अर्जित धावांवर क्षेत्ररक्षण व नशीब यांचाही प्रभाव असतो. स्ट्राइकआउट आणि वॉक मुख्यतः पिचरच्या हातात असतात. या ९ सामन्यांत ३७ स्ट्राइकआउटना २४ वॉक होते, म्हणजे जुना दोष कायम होता. २०१४ मध्ये हेच आकडे १६७ व ४१ झाले. खरा बदल येथे दिसतो. बॉल्टिमोरमध्ये बदलायला लावलेली, शरीरासमोरून आडवे पाऊल टाकण्याची आपली मूळ शैली शिकागोत पुन्हा वापरता आली, असे अरिएटाने सांगितले आहे.

२०१५ मध्ये २२ विजय व १.७७ सरासरीसह त्याला नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार मिळाला. ती उंची टिकली नाही. २०१६ मध्ये वॉक ४८ वरून ७६ वर गेले. तरीही त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमधील दुसरा व सहावा सामना त्याच्या नावे जमा झाला आणि कब्जने १९०८ नंतर प्रथमच विजेतेपद मिळवले.