फुलांची दरी आणि मेंढरांची वाट

उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स पाहायला जाणाऱ्यांत मराठी माणसेही मोठ्या हौसेने सामील होतात. जोशीमठच्या पुढे गोविंदघाट गाठायचे, पुलना आणि भ्यूंडार ही गावे मागे टाकत घांघरियाला मुक्काम करायचा, सकाळी वनखात्याच्या चौकीवर परवाना घेऊन दरीत शिरायचे, हा क्रम ट्रेकिंगची आवड असणाऱ्यांना पाठ झाला आहे. या प्रवासासोबत एक इतिहासही ऐकायला मिळतो. माणसाचा स्पर्श न झालेली एक दरी होती. १९३१ साली एका इंग्रज गिर्यारोहकाला ती योगायोगाने सापडली. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर करून सरकारने ती होती तशी राखली. हा इतिहास अपुरा आहे. ‘सापडण्या’च्या कितीतरी आधीपासून ही दरी गावांचे कुरण होती. उद्यान झाले तेव्हा मेंढरांची ये-जा कायद्याने बंद झाली आणि पाहुण्यांची तेवढी चालू राहिली. आज आपल्याला तिथे फुले पाहायला मिळतात ती या निर्णयानंतरची आहेत, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली आहे. म्हणूनच या उद्यानाच्या कारभारात भ्यूंडार-पुलनाच्या लोकांचा शब्द चालला पाहिजे, ही मागणी मला न्यायाची वाटते आणि दरीच्या भल्याचीही.

आधी ‘शोधा’ची गोष्ट पाहू. जून १९३१ मध्ये फ्रँक स्माइथ यांच्या तुकडीने ७,७५६ मीटर उंचीचे कामेट शिखर सर केले. परतताना स्माइथ, एरिक शिप्टन आणि वनस्पतींचे जाणकार आर. एल. होल्ड्सवर्थ भ्यूंडार खिंड ओलांडून या दरीत उतरले आणि फुलांचे ते वैभव पाहून थक्क झाले. १९३७ मध्ये स्माइथ मुद्दाम परत आले, रोपे आणि बिया गोळा केल्या आणि पुढच्याच वर्षी दरीवर पुस्तक लिहिले. आज रूढ असलेले नाव त्या पुस्तकाने जगभर नेले. १९३९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानासाठी रोपे गोळा करायला आलेल्या जोन मार्गारेट लेग इथल्याच एका उतारावरून घसरून मरण पावल्या. त्यांच्या बहिणीने बसवलेल्या स्मृतिशिलेपाशी प्रवासी आजही थांबतात. या माणसांची जिद्द आणि फुलांवरचे प्रेम खरे होते, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्यांच्याआधी, १८६२ मध्येच, एडमंड स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी याच दरीतून वाहणाऱ्या पुष्पावती नदीच्या खोऱ्यात येऊन गेला होता, आणि त्याच्याही आधीपासून खालच्या गावांचे लोक इथे येत होते. एका पाहुणीच्या मृत्यूची शिळा दरीत उभी आहे. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे घेऊन वर चढलेल्यांची एकही खूण प्रवाशाला कोणी दाखवत नाही. इतिहासात कोणाची नोंद राहते आणि कोणाची राहत नाही, हे इथे स्पष्ट दिसते.

त्या ये-जा करणाऱ्यांचे जगणे समजून घेतल्याशिवाय दरी समजत नाही. गढवालात झाडांच्या रेषेच्या वर पसरलेल्या कुरणांना बुग्याल म्हणतात. बर्फ वितळला की या बुग्यालांवर कोवळे गवत येते, पावसाळ्यात ते फुलांसह गच्च होते आणि शरद ऋतूत वाळून पुन्हा बर्फाखाली जाते. या चक्राशी जुळवून घेत इथले लोक उन्हाळ्यात जनावरांसह वर आणि हिवाळ्यात खाली राहत. चमोलीच्या उत्तर भागातल्या भोटिया समाजाला या कुरणांचा दुहेरी उपयोग होता. मेंढ्या लोकर देत, शिवाय मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पिशव्या लादून माणा आणि नीती या खिंडींतून तिबेटशी धान्य आणि मिठाची देवघेव चाले. १९६२ च्या युद्धाने तो व्यापार संपला. उरली ती शेती, मेंढरे, जंगलातली औषधी मुळे आणि यात्रेकरू व गिर्यारोहकांची ओझी वाहण्याची मजुरी. म्हणजे उद्यानाचा निर्णय आला तेव्हा या गावांचा एक मोठा आधार आधीच गेला होता, आणि कुरण हा उरलेल्या थोड्या आधारांपैकी एक होता.

तो निर्णय कसा आला हे नंदादेवीच्या शेजारी ठेवून पाहावे. ७,८१६ मीटरच्या नंदादेवी शिखराभोवतीचा प्रदेश १९७४ मध्ये परदेशी गिर्यारोहकांना खुला झाला आणि मोहिमांची रीघ लागली. जळणासाठी झुडपे तुटली, वाटांवर कचरा साचला. पुढे १९९३ मध्ये लष्कराच्या पथकाने तिथून सुमारे एक टन कचरा खाली आणला, यावरून त्या काळातल्या वापराचा अंदाज येतो. त्याच १९७४ च्या २६ मार्चला, याच प्रदेशाच्या तोंडाशी असलेल्या रेणी गावात गौरा देवी आणि त्यांच्यासोबतच्या बायकांनी झाडांना मिठी मारून ठेकेदाराच्या माणसांना परत पाठवले होते. १९८२ मध्ये नंदादेवी आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ही दोन्ही राष्ट्रीय उद्याने जाहीर झाली. नंदादेवीचा गाभा गिर्यारोहक, हमाल, मेंढपाळ अशा सगळ्यांनाच बंद झाला. अवघ्या ८७.५ चौरस किलोमीटरच्या फुलांच्या दरीत मात्र चराई थांबली आणि पर्यटन राहिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची रचनाच तशी आहे. राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरांच्या चराईला परवानगी नाही, पण पर्यटन हे परवाना देण्याजोगे कारण मानले आहे. पाहायला येणारा आत आणि चारायला येणारा बाहेर, ही विभागणी निसर्गाने केलेली नाही, संसदेने केली आहे. ज्या रेणीच्या आणि तिला लागून असलेल्या लाताच्या लोकांनी जंगल राखले, त्यांनाच जंगलाची वाट बंद झाली. १९९८ मध्ये लाताच्या लोकांनी आपला हक्क सांगत उद्यानात शिरून ‘झपटो छीनो’ आंदोलन केले, त्यामागे हीच खदखद होती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: चराई दरीला घातक होती, ती थांबली म्हणून फुले वाचली. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झाकून चालणार नाही. कळप मोठे झाले की कोवळे गवत मुळापर्यंत खाल्ले जाते, खुरांनी उतारावरची माती सुटते आणि मेंढपाळांच्या मुक्कामाजवळची औषधी मुळे खणली जातात. भारतीय वन्यजीव संस्थेतर्फे १९९० च्या दशकात चंद्रप्रकाश काला यांनी दरीचा बारकाईने अभ्यास केला आणि वनस्पतींच्या सुमारे ५२० जाती नोंदवल्या. बंदीमुळे दरी उजाड झाली हे म्हणणे त्यांच्या नोंदींशी जुळत नाही. पण वाद एका झुडपाभोवती फिरत राहिला आहे. स्थानिक लोक त्याला अमेला म्हणतात. अमेला छातीएवढा आणि त्याहूनही उंच वाढतो. त्याची खोडे जमिनीखालून पसरतात आणि तुटलेल्या तुकड्यातूनही नवे रोप उगवते. एकदा त्याची गर्दी झाली की खालच्या ठेंगण्या फुलांना ऊन मिळत नाही. मेंढ्या गेल्या म्हणून अमेला माजला, असे काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी मांडले. काला यांच्या मते तो मुख्यतः धूप झालेल्या, दरडी-हिमलोटांच्या आणि मेंढपाळांनी सोडलेल्या मुक्कामाच्या जागी वाढतो. म्हणजे त्याचे बीज जुन्या वापरातच आहे. दोन्ही बाजूंचे ऐकले तर एक गोष्ट निर्विवाद उरते. ही दरी माणसाच्या वापराने घडलेली आहे आणि बंदीनंतरही ती माणसाच्याच हातांनी राखली जाते, कारण वनखाते मजूर लावून बी धरण्याआधी अमेला उपटते. तेव्हा मेंढरे परत सोडा, असे मी म्हणत नाही. ‘हात न लागलेला निसर्ग’ या कल्पनेवर उभे राहून गावांना निर्णयाबाहेर ठेवता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप असा की पर्यटनाने या लोकांना चराईपेक्षा जास्त मिळाले. हेही अंशतः खरे आहे. घांघरिया उभे राहिले ते जवळच्या हेमकुंड साहिब या शीख तीर्थस्थानाच्या यात्रेकरूंमुळे आणि फुले पाहायला येणाऱ्यांमुळे. खेचरे, पाठीवरच्या टोपलीतून ओझे वाहणारे कंडीवाले, ढाबे, निवास यांतून कुटुंबे चालतात. भ्यूंडारच्या लोकांच्या पर्यावरण विकास समितीने वाटेवरचा कचरा उचलण्याचे काम अंगावर घेतले, आणि तो मार्ग एकेकाळी प्लॅस्टिकने किती भरला होता हे ठाऊक असणाऱ्यांना त्या कामाचे मोल कळते. पण दरी जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच खुली असते, आणि त्यातही गर्दीचे आठवडे मोजकेच. एका हंगामावर टेकलेली कमाई एका आपत्तीने कोलमडते. जून २०१३ च्या पुरात भ्यूंडार गाव उद्ध्वस्त झाले, गोविंदघाटची दुर्दशा झाली आणि तो हंगाम हातचा गेला. शिवाय मजुरी मिळणे आणि निर्णयात वाटा मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दरीत किती लोक सोडायचे, शुल्क किती, त्यातले गावाला किती, अमेला कुठे आणि कधी काढायचा, हे ठरवताना ज्यांना प्रत्येक ओढा आणि उतार ठाऊक आहे त्यांना फक्त मजूर म्हणून बोलावणे हा ज्ञानाचाही अपव्यय आहे.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे: गावांच्या हाती कारभार दिला तर उत्पन्नासाठी गर्दी वाढेल. पण पुरावा वेगळे सांगतो. २००१ मध्ये लाताच्या लोकांनी स्वतःचा जाहीरनामा काढला आणि पर्यटन हवे पण ते गावाने चालवलेले आणि निसर्गाला झेपेल एवढेच, अशी भूमिका लेखी मांडली. त्यानंतर २००३ मध्ये नंदादेवीचा बाहेरचा थोडा भाग मोजक्या पर्यटकांसाठी खुला झाला. आपल्याकडे साताऱ्याच्या कास पठारावर आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या शुल्क घेतात, रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा ठेवतात आणि गावातल्या तरुणांना राखणीला उभे करतात. तिथेही कुंपण आणि चराईबंदीने गवत माजते का, हा वाद झाला आहे. कासचा कारभार निर्दोष नाही, पण गावे मर्यादा पाळू आणि पाळवू शकतात हे त्यातून दिसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर राष्ट्रीय उद्यानांतही सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि तिचे व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभांचा हक्क मान्य केला आहे. कायद्यातली ही तरतूद प्रत्यक्षात आणणे एवढेच काम उरले आहे.

२००५ पासून ही दरी नंदादेवीसह जागतिक वारसा आहे, आणि वारसा म्हटला की तो घडवणाऱ्यांची नावे त्यात आली पाहिजेत. माहितीफलकावर स्माइथ आणि लेग असावेत, पण त्यांच्याआधी भ्यूंडारचे मेंढपाळ असावेत. प्रवेशशुल्काचा ठरलेला हिस्सा ग्रामसभेच्या खात्यात जावा आणि व्यवस्थापन आराखडा तिच्या संमतीनेच पक्का व्हावा. जाणाऱ्यांनी मुक्कामाला, वाट दाखवायला आणि ओझ्याला स्थानिक माणूस निवडावा आणि या दरीत पूर्वी कोण येत होते हे त्याला आवर्जून विचारावे. दरी पाहण्याचा हक्क आपल्याला मिळाला तो दुसऱ्याचा हक्क थांबवून, याची जाणीव ठेवून तिथे जाणे हे प्रत्येक प्रवाशाचे कर्तव्य आहे.