दर्यावरचा बिल्ला

(आकाशवाणीवर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

माझे गाव औंध. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. गावाला टेकडी आहे, टेकडीवर मूळपीठाची यमाई आहे, चढणीवर राजेसाहेबांनी उभारलेले चित्रसंग्रहालय आहे. नाही ते पाणी. समुद्र सोडाच, उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला की आमच्याकडे पोहरासुद्धा जपून सोडतात. अशा गावच्या माणसाने जहाजांच्या नोंदणीवर आणि परवान्यांवर बोलायचे म्हणजे तुम्हाला थोडे हसू येईल. पण या विषयाची गोडी मला लागली ती एका सायकलमुळे.

आमच्या लहानपणी सायकललाही दरवर्षी पत्र्याचा बिल्ला घ्यावा लागे. वडिलांनी आमच्या पंचायतीत पैसे भरून तो घेतला होता आणि मी तो हँडलजवळ तारेने घट्ट बांधला होता. एकदा बाजाराच्या दिवशी जवळच्याच एका मोठ्या गावात गेलो, तर वेशीवरच्या माणसाने सायकल अडवली. बिल्ला उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, ‘हा तुमच्या गावचा. इथे आमचा लागतो.’ मी म्हणालो, अहो, पैसे भरलेत. तो म्हणाला, ‘कुणाला भरलेत?’ मग त्याने दोन्ही चाकांतली हवा सोडली. मी पाच-सहा मैल सायकल हाताने ढकलत घरी आलो.

पुढे इतिहासाचा शिक्षक झालो आणि कान्होजी आंग्र्यांविषयी वाचू लागलो, तेव्हा तो वेशीवरचा माणूस मला पुन्हा भेटला. ‘कुणाला भरलेत?’ या एका प्रश्नावर कोकणच्या किनाऱ्याने अडीचशे वर्षे लढाया पाहिल्या आहेत.

पोर्तुगीज येण्याआधी अरबी समुद्रात फिरायला कुणाची लेखी परवानगी लागत नसे. बंदरात आलात तर बंदराच्या धन्याला जकात द्या. बाहेरचे पाणी कुणाचेच नव्हते. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी ही रीतच मोडली. त्यांच्या राजाने स्वतःच्या बिरुदांत हिंदुस्थान, अरबस्तान, इराण यांच्या जलपर्यटनाचा आणि व्यापाराचा स्वामी असे लावून घेतले, आणि मग त्या स्वामित्वाचा कागद विकायला काढला. त्याचे नाव ‘कार्ताझ’. शब्द मुळात अरबी, ‘किर्तास’, म्हणजे कागदच. त्यावर जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, जहाज केवढे, माणसे किती, हत्यारे किती, कुठून कुठे जाणार हे सगळे लिहिलेले असे. मिरी न्यायची नाही, घोडे न्यायचे नाहीत, युद्धसामग्री न्यायची नाही, आणि वाटेत पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची. आजच्या जहाजाच्या नोंदणीपत्रात आणि परवान्यात जे रकाने असतात, त्यांतले निम्मे तरी या कागदात सापडतील. कार्ताझ नसलेले जहाज दिसले की ते जप्त. मालही गेला आणि माणसेही.

हा कागद किती जाचक होता ते बादशाही घराण्यालाही कळले. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ च्या सुमारास हजला निघाली, तर पोर्तुगीजांचा परवाना मिळेपर्यंत तिला सुरतेस वर्षभर खोळंबून राहावे लागले. ज्याच्या फौजेपुढे राजपुतांचे गड टिकले नाहीत, त्याची आत्या एका कागदासाठी बंदरात बसून! कार्ताझवर येशू आणि मेरी यांची चित्रे असत. असा कागद बाळगून हजला जावे लागते, तेव्हा हजचे कर्तव्य उरतच नाही, असा निवाडा त्या काळच्या एका मोठ्या मौलवीने दिल्याचे बदायुनी या इतिहासकाराने नोंदवले आहे. आणि कागद असला तरी भरवसा होताच असे नाही. १६१३ साली जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे मोठे जहाज कार्ताझ असतानाही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले.

आता कान्होजींकडे येऊ. राजाराम महाराजांच्या काळात ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख झाले. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी ही त्यांची ठाणी. मुंबईहून दक्षिणेला जाणारे कुठलेही गलबत त्यांच्या तोफांच्या आणि गलबतांच्या नजरेतूनच जाणार. कान्होजींनी सांगितले, या किनाऱ्याने जायचे तर सरखेलांचा दस्तक घ्या. पोर्तुगीज दोनशे वर्षे जे करीत आले तेच त्यांनी केले. फरक एवढाच, की किनारा त्यांच्या स्वतःच्या मुलखाचा होता आणि पोर्तुगीज लिस्बनहून आले होते.

हे केवळ दांडगाईने चालले होते असेही नाही. त्याच काळात रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यातले आरमाराचे प्रकरण जरूर वाचावे. ज्या सावकारांच्या तरांड्यांनी आपला कौल घेतला आहे त्यांना काडीचाही उपद्रव होऊ नये, कौल नसलेले परके तरांडे आढळले तर ते आधी नीट तपासावे, त्यास धीर द्यावा, जकात थोडी घ्यावी, व्यापारी आपल्या बंदरात पुन्हा येईल असे वागावे, असा त्याचा रोख आहे. हे लिहिणारा माणूस समुद्राकडे कारभाऱ्याच्या नजरेने पाहतो आहे. कौल ही त्याच्या लेखी खंडणीची पावती नाही. घेणाऱ्याने रक्षणाचे पैसे द्यायचे आणि देणाऱ्याने रक्षण करायचे, असा तो करार आहे. प्रत्यक्षात आंग्र्यांचे सारंग दर वेळी इतके सौजन्याने वागले असतील असे मी म्हणणार नाही. गलबते लुटली गेली, माणसे अडकवून पैसे घेतले गेले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहाल तर पोर्तुगीजांचा एक कागद, आंग्र्यांचा दुसरा, इंग्रजांचा तिसरा, शिवाय जंजिऱ्याच्या सिद्दीशी बनवून घ्यायचे ते वेगळेच. प्रत्येक जण म्हणणार, बाकीचे खोटे, माझा खरा.

इंग्रजांशी वाद पेटला तो नेमका याच ठिकाणी. १७१२ च्या नोव्हेंबरात मुंबई-कारवार मार्गावर मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याची सशस्त्र नौका कान्होजींच्या आरमाराने पकडली. तीवरचा कंपनीचा एक अधिकारी मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. पुढच्या वर्षी तह झाला. इंग्रजांच्या जहाजांना आंग्र्यांनी त्रास द्यायचा नाही, असे ठरले. ठरले खरे, पण इंग्रजांचे जहाज म्हणजे कोणते? कंपनी सुरतेच्या आणि मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांना आपले परवाने देऊ लागली. गलबत गुजराती शेटजींचे, माल त्यांचा, खलाशी कोकणातले, आणि डोलकाठीवर निशाण मात्र इंग्रजांचे. कान्होजींचे म्हणणे असे, की ज्याची मालकी त्याचे गलबत. निशाण लावल्याने शेटजी इंग्रज होत नाहीत, त्यांनी दस्तक घेतला पाहिजे. कंपनीचे म्हणणे, आमचा परवाना आहे म्हणजे ते आमचे.

जहाजाचे राष्ट्रीयत्व कशावरून ठरवायचे, मालकावरून की निशाणावरून? हा प्रश्न आजही सुटलेला नाही. आज जगातल्या मोठ्या मालवाहू जहाजांच्या मागच्या बाजूला पनामा, लायबेरिया अशी नावे दिसतात आणि मालक ग्रीसमध्ये नाही तर जपानमध्ये बसलेला असतो. अलिबागच्या किनाऱ्यावर तीनशे वर्षांपूर्वी हाच वाद तोफांनी चालला होता. गव्हर्नर बून याने १७१८ साली खांदेरीवर, १७२० साली विजयदुर्गावर हल्ले केले. १७२१ च्या अखेरीस तर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर आले आणि हात हलवत परत गेले. एरवी एकमेकांचे परवाने न मानणारे हे दोघे तिसऱ्याचा परवाना बुडवायला मात्र एकत्र आले, हे मला फार बोलके वाटते. हरलेल्या इंग्रजांनी कागदावर सूड उगवला. त्यांनी कान्होजींना चाचा म्हटले. इंग्रजी पुस्तकांतून तो शब्द आमच्या शाळेपर्यंत आला, आणि मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी मुलांना तो वाचून दाखवला आहे. आज त्याची लाज वाटते.

या कथेत आमच्या औंधचाही एक छोटा भाग आहे. औंधचे राजे म्हणजे पंत प्रतिनिधींचे घराणे. १७३३ साली शाहू महाराजांनी जंजिऱ्याच्या मोहिमेवर बाजीराव पेशव्यांना आणि श्रीपतराव प्रतिनिधींना धाडले. सिद्दी हा मोगलांचा आरमारी सरदार. जंजिरा त्याच्या हाती असेपर्यंत मुंबई ते दाभोळच्या पाण्यात कुणाचाही दस्तक पुरता चालणार नव्हता. जूनमध्ये प्रतिनिधींनी आतून संधान बांधून रायगड मिळवला. महाराजांची राजधानी चव्वेचाळीस वर्षांनी परत आली. पण पेशवे आणि प्रतिनिधी यांचे पटले नाही, ऑगस्टात सेखोजी आंग्रे वारले, त्यांच्या भावांत कलह लागला, आणि पाण्यातला किल्ला पाण्यातच राहिला. डोंगरी मुलखातल्या माणसांना रायगड घेता आला. जंजिऱ्याला आरमार हवे होते. घरातल्या भांडणापायी ते मिळाले नाही. पुढे १७५६ साली तर खुद्द पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांनी विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. आपल्याच किनाऱ्यावर आपला दस्तक चालवणारा हात आपणच छाटला. त्यानंतर हळूहळू इंग्रजांचा एकट्याचा कागद उरला.

तो कागद कसा होता, याचे एकच उदाहरण देतो. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागवानाची अशी जहाजे बांधत, की ओकची इंग्रजी जहाजे त्यांच्यापुढे लवकर जीर्ण होत. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८१५ साली हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांच्या नोंदणीचा कायदा केला. त्यात एक कलम असे घातले, की आशियाई खलाशी, मग ते ब्रिटिशांच्या मुलखात जन्मलेले का असेनात, ब्रिटिश खलाशी मानले जाणार नाहीत. आणि ब्रिटिश जहाज म्हणवून घ्यायचे तर तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिश हवेत! म्हणजे लाकूड चालेल, कारागिरी चालेल, रत्नागिरीचा खलाशी चालणार नाही. वेशीवरच्या माणसाने निदान हवाच सोडली होती.

५ एप्रिल १९१९ रोजी वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आपण राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळतो. मालक हिंदी, पण कायद्याच्या लेखी ते ब्रिटिश जहाजच होते आणि निशाणही त्यांचेच. स्वतःचे नोंदणीपुस्तक स्वतःच्या कायद्याने उघडायला १९५८ साल उजाडले. इंग्रजी कायद्यात जहाजाच्या मालकीचे ६४ हिस्से पाडत. आपण १० पाडले. नोंदणी क्रमांक आणि टनेज जहाजाच्या मुख्य तुळईवर कोरायचे, मागच्या बाजूला नाव आणि नोंदणीचे बंदर लिहायचे, ही रीत मात्र ठेवली. २०२५ साली संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला.

कागदाला त्याच्या मर्यादा आहेत, हे २००८ च्या नोव्हेंबरात फार भयंकर रीतीने कळले. मुंबईवर हल्ला करणारे ज्या ‘कुबेर’ नौकेतून आले, ती पोरबंदरची नोंदलेली मासेमारी नौका होती. नौका खरी, नाव खरे, तिच्यावर बसून आलेले लोक दुसरेच. त्यानंतर राज्याराज्यांच्या होड्यांना वेगवेगळे रंग ठरले, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली. कार्ताझवर नाखव्याचे नाव का लिहीत, हे तेव्हा मला नव्याने उमगले.

मागे एकदा कोयनेच्या शिवसागर जलाशयात लाँचने गेलो होतो. जावळीच्या खोऱ्यातली कितीतरी गावे धरणात गेली, काठावरच्या लोकांना अजूनही लाँचचा आधार आहे. आमच्या समुद्र नसलेल्या जिल्ह्यात हा एवढाच दर्या. इथल्या नौकांनाही नोंदणी लागते. त्यासाठीचा १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा आला आहे. लाँचच्या बाजूवर रंगवलेला नंबर मी वहीत उतरवून घेतला आणि चालकाला सहज विचारले, कागदपत्रे जवळ असतात का? तो एकदम गंभीर झाला. इंजिन बारीक केले, बाकाखालून पत्र्याचा डबा काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीतली कागदांची चळत माझ्यापुढे धरली आणि सगळ्या उतारूंना जाकिटे नीट बांधायला लावली. मी म्हणालो, अहो, मी कुणी साहेब नाही, औंधचा मास्तर आहे.

त्याने माझ्याकडे पाहिले, कागद पुन्हा पिशवीत घातले आणि म्हणाला, ‘मग नंबर कुणासाठी लिहून घेतला?’